डावीकडचं हसू

११ नोव्हेंबर

थोरल्या,

पाकिटावर माझं अक्षर बघून दचकू नकोस. आई ठीक आहे. ती ठीक नसती तर तुला फोन आला असता, आणि तोही हिचा आला असता, माझा नाही. आपलं बोलणं बंद आहे हे मी विसरलेलो नाही. माझ्या एका वाक्यावर तू भरल्या ताटावरून उठलास आणि त्यानंतर घराचा उंबरा पाहिला नाहीस. असो.

मी आजारी होतो. हे तुला दुसऱ्या कुणाकडून कळू नये म्हणून लिहितोय. उजव्या कानात नागीण झाली. नागीण कंबरेला होते, पाठीला होते एवढं ऐकून होतो. ती कानात शिरते हे माझ्यासारख्या गादीवाल्याला कुठून माहीत असणार? आधी नुसता कान ठणकत होता. पाणी गेलं असेल म्हणून कोमट तेल घातलं, कापसाचा बोळा कोंबला आणि कामाला बसलो. आपल्या कामात कापसाला तोटा नाही. पुढे पाळीच्या आत बारीक फोड आले, तरी मी तेलच घालत राहिलो. मग एका सकाळी अर्धा चहा पोटात गेला आणि अर्धा सदऱ्यावर सांडला.

ही म्हणाली, "अहो, लाळेरं बांधू का आता?"

मी हसलो, तशी हिच्या हातातली बशी पडली. आरशात जाऊन बघितलं. डावा अर्धा चेहरा हसत होता आणि उजवा कुणा परक्या माणसाचा असल्यासारखा गप्प होता.

डॉक्टरबाई म्हणाल्या, चेहरा हलवणारी नस कानाच्या आतूनच जाते, नागिणीने तीच धरली. लगेच आला असतात तर औषधाचा जास्त उपयोग झाला असता. त्यांनी विचारलं, "लहानपणी कांजिण्या झाल्या होत्या का?" कांजिण्या बऱ्या होतात, पण त्यांचा विषाणू अंगातल्या नसांमध्ये झोपून राहतो म्हणे, आणि कधीतरी उठतो.

झाल्या होत्या की. तूच आणल्यास शाळेतून. आपण दोघं एकाच चटईवर पडलो होतो. आई पंख्याने वारा घालायची आणि तो बहुतेक तुझ्याच बाजूला लागायचा, कारण तू जास्त कण्हायचास. म्हणजे तेच बी तुझ्याही अंगात पडलंय. तुझं झोपलेलं आहे आणि माझं उठलं. तुझं सगळंच निवांत असतं.

उजव्या कानाने जवळजवळ ऐकू येत नाही. तोल जातो, म्हणून भिंत धरून चालतो. अर्ध्या जिभेला चव नाही. प, ब, म म्हणायला गेलो की वारा सुटतो. 'आई' म्हणायला ओठ लागत नाहीत, तेवढं बरं.

उजवा डोळा मिटत नाही. सकाळी देवापुढे हात जोडून डोळे मिटतो, तर हा एक उघडाच. पूर्वी मी मन लावून नाव घ्यायचो. आता अर्धा मी नाव घेतो आणि अर्धा मी खोलीभर बघत बसतो. देवाला काय वाटत असेल कोण जाणे.

फोड वाळेपर्यंत आईजवळ जायचं नाही असं डॉक्टरबाईंनी सांगितलंय. तिचं वय बघता उगाच धोका नको. म्हणून भिंतीपलीकडे कारखान्यात खाट टाकली आहे. तू काळजी करू नकोस, आणि येऊही नकोस.

धाकटा

२९ नोव्हेंबर

थोरल्या,

तुझ्या तीन ओळी मिळाल्या. 'येऊ का?' असं विचारलंस. ज्याला यायचं असतं तो विचारत नाही. तरी विचारलंस हे हिला सांगितलं. ती म्हणाली, "बघा, माणूस वाईट नाही." म्हणजे वाईट कोण, ते मी समजलो.

कामाचं विचारलंस. तुला आमचं काम कधी आवडलं नाही, पण बघितलेलं आहेस. डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, उजव्या हातात हातोडी, आणि खिळे तोंडात. मूठभर बारीक खिळे गालात ठेवायचे, जिभेने एकेक वळवून डोक्याच्या बाजूने ओठांवर आणायचा. बाबांनी शिकवलं तेव्हा आपण दोघंही शिकत होतो. तू पहिल्याच दिवशी एक गिळलास आणि आईने तुला त्या कामातून कायमचं सोडवलं. मी गिळला नाही, म्हणून मी अडकलो.

आता खिळे माझ्या उजव्या ओठातून गळतात. परवा एका दवाखान्याच्या बाकाला रेक्झिन चढवत होतो. खिळे कुठे पडतायत ते कळतच नव्हतं, कारण तो ओठ जड झालाय. बाक घेऊन गेलेला माणूस दुसऱ्या दिवशी बाकासकट परत आला, बसणाऱ्याला आतले खिळे टोचत होते. म्हणाला, "गादीवाले, आमचे पेशंट आधीच दुखणाईत असतात हो." हसावं की रडावं कळेना. हसलो, तर तो जरा मागेच सरकला.

म्हणून सध्या हातोडी बंद आहे. काथ्या पिंजतो, उशा भरतो, कापडं बेततो. कारखाना इतका शांत कधी नव्हता.

तू मात्र हॉटेलच्या काउंटरवर उभा राहून दिवसभर हसत असशील. हसण्यावर पोट भरतोस. चेहरा आपल्याला एकच मिळाला होता, आणि त्याची चांगली प्रत तुझ्याकडे राहिली.

फोड वाळले. काल आईला भेटलो. ती खूश झाली. तिला इतकं खूश झालेलं मी बऱ्याच दिवसांत बघितलं नव्हतं. बाकी विशेष नाही.

धाकटा

१५ डिसेंबर

थोरल्या,

मागच्या पत्रात 'विशेष नाही' असं लिहिलं होतं. ते खरं नव्हतं. हे चार वेळा लिहून फाडलं आहे, आता जसं येईल तसं लिहितो.

आपल्या दोघा जुळ्यांना कुणी वेगळं ओळखायचं नाही, तुला आठवतंय ना. शाळेत गुरुजी तुझ्या वाटची छडी मला मारायचे. फक्त आई ओळखायची. माझं हसू उजवीकडे चढायचं आणि तुझं डावीकडे. देवाने साचा एकदा सुलटा धरला आणि एकदा उलटा, असं म्हणायची. आपण एकमेकांची नावं सांगून तिला फसवायला जायचो, तशी ती दोन्ही तळवे आपल्या गालांवर ठेवून म्हणायची, "हस बघू." कुठला गाल वर येतो ते हाताला कळलं की त्याच गालावर चापट.

आता तिच्या नजरेत मधोमध काळोख आहे, कडेकडेचं तेवढं पुसट दिसतं. त्यामुळे तिचं ओळखणं सगळं हातावर आलंय. मी कित्येक दिवसांनी तिच्यासमोर बसलो. तिने गालांवर हात ठेवले. "हस बघू." मी हसलो. उजवा गाल तसाच राहिला. डावा चढला.

"थोरल्या!" ती म्हणाली. "आलास!"

आणि रडायला लागली. माझं डोकं छातीशी धरलं, केसांतून हात फिरवला. थोरल्या, मी देवाशप्पथ सांगतो, मी लगेच म्हटलं, "आई, मी धाकटा." तर तिने डाव्या गालावर चापट मारली. "अजून तीच चेष्टा? नाव खोटं सांगता येतं रे, गाल नाही सांगता येत."

दाराशी उभी असलेली ही पुढे झाली, "अहो आई, खरंच हे..." मी हाताने तिला थांबवलं.

का थांबवलं? एवढी आनंदात आहे तर असू दे, असं मी हिला सांगितलं. तुलाही तेच सांगणार होतो. पण खरं कारण तसं नव्हतं. त्या मिठीत काय असतं ते मला बघायचं होतं. जन्मभर शेजारी उभा राहून बघितली, आज आत शिरायला मिळालं.

तेव्हापासून मी दुपारी तू होऊन बसतो. ती मला दुधावरची साय काढून देते. आपल्या घरात साय निघते हे मला आत्ता कळलं. "दमलास का रे प्रवासाने, तोल जातोय तुझा," म्हणते. "आवाज बसलाय का?" म्हणते. माझं डोकं दुखायचं तेव्हा ती म्हणायची, "जा, पड थोडा." तुझं दुखलं की चेपून देते. मी चेपून घेतलं. चांगलं वाटलं आणि चीडही आली, एकाच वेळी. साय अर्ध्या जिभेला गोड लागली, अर्धीला लागलीच नाही. तसंच सगळं.

ही मला म्हणाली, "दोन दोन नवरे सांभाळायचे का मी आता? एक तरी धड द्या."

सकाळी देवापुढे बसतो तेव्हा तो उजवा डोळा उघडाच असतो. पूर्वी मला वाटायचं की माझी भक्ती शांत आहे. आता लक्षात येतंय, डोळे मिटलेले असायचे तेव्हाही एक डोळा तुझ्या ताटाकडेच असायचा.

तू येऊ नकोस. हे पहिल्या वेळेसारखं मानापमानाचं नाही. तू आलास तर मला दुपारी कुठे बसायचं ते कळणार नाही.

कोण म्हणून सही करू?

४ जानेवारी

थोरल्या,

तुझं पत्र लांबलचक होतं. रागावशील असं वाटलं होतं. 'बस खुशाल माझ्या जागी, मी तिथे असतो तर कितीसा बसलो असतो,' असं लिहिलंस. हे चांगुलपणाने लिहिलंस की टोमणा मारलास, ते ठरवता येत नाही. तुझ्या चांगुलपणाचाही मला त्रास होतो, हे एव्हाना तुला कळलं असेल.

चेहऱ्याचं विचारलंस. डॉक्टरबाई म्हणतात, नस हळूहळू उगवतेय, पण पूर्वीसारखी होईलच असं नाही. वाढताना वाट चुकते म्हणे. म्हणून आता जेवायला बसलो की उजव्या डोळ्यातून पाणी वाहतं. घास तोंडात, पाणी डोळ्यात. बघणाऱ्याला वाटावं, याला घरात कुणी छळतंय.

आता आईचं. पहिले दिवस ती तुझ्यातच रमली. मग विचारायला लागली, "धाकटा कुठाय?"

मी म्हटलं, "कारखान्यात."

"काम करतोय?"

"हो."

दुसऱ्या दिवशी परत तेच. मग काल तिने माझा हात घट्ट धरला आणि हळू आवाजात म्हणाली, "तुला एक सांगते, त्याला सांगू नकोस. धाकटा कारखान्यात नाहीये."

मी विचारलं, "तुला कसं कळलं?"

"अरे, मला दिसत नाही, तो बोलत नाही. दिवस दिवस तोंडात खिळे. मग तो घरात आहे की बाजारात गेलाय, कसं कळायचं मला? म्हणून मी मोठ्याने तुझं नाव घेते. 'थोरला असता तर,' म्हणायचं, काहीही म्हणायचं. तुझं नाव घेतलं की पुढचा ठोका जोरात पडतो. चिडतो मेला. लगेच कळतं, आहे, जागेवर आहे." आणि ती लहान मुलीसारखी हसली. "सारखं घेते मी तुझं नाव. तुला उचक्या लागत असतील."

थोरल्या, मी काय करू? बाबा गेल्यापासून, तिची नजर जायला लागल्यापासून भिंतीपलीकडून तुझं नाव ऐकतोय. थोरला असता तर खिडकी दुरुस्त झाली असती. थोरला असता तर मला फिरवून आणलं असतं. प्रत्येक वेळी मी खिळ्यावर घाव घालायचो. आपल्या गावातल्या किती खुर्च्यांत त्या रागाचे खिळे ठोकलेले आहेत, देवालाच माहीत.

मग ती म्हणाली, "आता हे बघ." आणि मोठ्याने हाक मारावी तशी म्हणाली, "थोरला असता तर बरं झालं असतं!"

कारखान्यातून काहीच आवाज आला नाही. येणार कुठून? मी तिच्या पुढ्यात बसलो होतो.

"बघितलंस?" ती म्हणाली. "कुठे गेलाय तो? तुम्ही भांडलात ना परत? मला खरं सांग, त्याला काही झालंय का?"

मी तिचे हात माझ्या गालांवर ठेवले आणि म्हटलं, "आई, मीच धाकटा गं." ती रागावली. म्हणाली, "आता चेष्टा पुरे."

रात्रीचं जेवण तिने घेतलं नाही.

धाकटा

२० जानेवारी

थोरल्या,

आई तीन-चार घासांच्या वर जेवत नाही. ताट पुढे केलं की विचारते, "धाकट्याने खाल्लं?" ही म्हणते, खाल्लं. ती म्हणते, "त्याला मला सांगू दे." हिने शेवटी माझ्यापुढे हात जोडले. "तुमचं तुमच्यापाशी ठेवा, पण त्या म्हातारीला तिचा मुलगा परत द्या."

मग मी बाजारातून लोहचुंबकाची हातोडी आणली. तिच्या तोंडाला खिळा आपोआप चिकटतो, ओठांची गरज लागत नाही. आजवर मी ती घेतली नव्हती, बाबा हसले असते म्हणून. काल दुपारी कारखान्यात एका जुन्या खुर्चीला गोणपाट ठोकायला बसलो. सवय नाही, पाचातले दोन खिळे वाकडे जातात. तरी आवाज होत होता.

मला पलीकडचं आता नीट ऐकू येत नाही, म्हणून डावा कान भिंतीकडे करून बसलो. आठ-दहा खिळे ठोकून झाले. मग ऐकू आलं, जरा भीत भीत:

"थोरला असता तर..."

मला वाटलं होतं की आता खरं काय ते कळलंय, तर राग येणार नाही. ठोका मुद्दाम जोरात मारावा लागेल, नाटकासारखा. तसं झालं नाही. तुझं नाव कानावर पडलं आणि हात आपसूक उठला. खुर्चीचा पाय हलला एवढ्या जोरात बसला घाव.

पुढचं मला हिने सांगितलं. आई टाळी वाजवून हसली. "आहे! आहे तो!" म्हणाली. आणि शेजारच्या खुर्चीकडे वळून म्हणाली, "ऐकलंस का रे थोरल्या?"

खुर्ची रिकामी होती. मी कारखान्यात होतो. तिने हात पुढे केला, चाचपला, खुर्चीची पाठ धरली, बैठकीवर हात फिरवला. "न सांगता गेला?" तिने हिला विचारलं. "परत न जेवता गेला?"

मी तिथे बसलो तर मी हरवतो. मी इथे बसलो तर तू हरवतोस. एका माणसाला हे जमण्यासारखं नाही, आणि आपण तर मुळातच दोन होतो.

तर तू ये.

हे लिहिताना माझा हात आखडतोय. तू आलास की ती तुझाच चेहरा धरून बसेल. साय तुला मिळेल. डोकं तुझं चेपलं जाईल. तुझं हसू धड आहे, तरी ते तिकडेच चढतं जिकडे आता माझं चढतं. गावात लोक मला तुझी बिघडलेली प्रत म्हणतील. हे सगळं मला दिसतंय, आणि मला तुझा हेवा वाटणार आहे. मी देवाला सांगून बघितलं, एवढं एक काढून घे. सांगताना तो उजवा डोळा मात्र थोडा मिटला. आजकाल जरासा मिटतो. आणि मग वाटलं, नको काढून घेऊस. ते गेलं तर हातोडी हळू पडेल, आणि ती पलीकडे बसून म्हणेल, धाकटा गेला.

येताना सामान कमी आण, जागा तीच आहे. आणि एक नीट वाच: तुझा कान दुखला तर तेल घालू नकोस. कुठल्याही बाजूचा असो, त्याच दिवशी डॉक्टरकडे जा. एका घरात एक वाकडा चेहरा पुरे.

दुपारी पोचशील असं बघ, ती तेव्हा खिडकीशी बसलेली असते. कालची ती जुनी खुर्ची तिच्या डाव्या हाताला ठेवली आहे, पाय मी घट्ट करून घेतलाय. बैस, तिला गाल दे, थोडं खा. मग ती माझ्याकडच्या भिंतीकडे तोंड करून मोठ्याने तुझं नाव घेईल. पलीकडून जोरात आवाज येईल. दचकू नकोस. मीच असेन.

धाकटा